स्पिरिटचा बोळा

जेवताना आमच्या घरात एक विषय निघाला की ताटातली आमटी गार होते. कुठंतरी कुणीतरी दारू पिऊन गाडी घातलेली असते, कुणाचा तरी जीव गेलेला असतो, आणि माझे पुतणे हातातला घास तसाच धरून म्हणतात, असल्यांना कोर्टबिर्ट काही नको, चौकात आणून फोडायला पाहिजे. मी म्हणते, फोडा, खुशाल फोडा. पण आधी त्याचं रक्त घ्या, आणि घेताना दंडाला स्पिरिट लावू नका.

मग पोरं एकमेकांकडं बघतात. म्हातारीचं झालं सुरू. होय, झालं सुरू. जिचा नवरा प्यालेल्या माणसानं मारला आणि जिची स्वतःची तंगडी टेंपोनं मोडली, तिनं ह्यावर बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, सगळे मला बाई म्हणायचे, आणि माझ्या वर्गावरून जाताना हेडमास्तरसुद्धा आवाज न करता जायचे. तेव्हा ज्याला आमटी प्यायची त्यानं प्यावी. मी सांगायचं ते सांगणारच.

आमचे हे ऑइल इंजिनांच्या एका कारखान्यात लेथवर होते. एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर उचगावच्या बाजूनं सायकलवरून घरी येत होते. समोरून एक जीप आली. ती आपली बाजू सोडून ह्यांच्या बाजूला आली आणि ह्यांना सायकलीसकट चेचून बाभळीवर जाऊन थांबली. हे जागच्या जागी गेले. जीपवाला खाली उतरला तो सरळ उभा राहीना. दोघांनी बगलेत हात घालून धरला तेव्हा कुठं उभा राहिला. बघणाऱ्यांनी मला सांगितलं की तो ह्यांच्या सायकलीच्या वाकड्या चाकाकडं बघून हसला. हे मला कुणी सांगायला नको होतं असं मी पुष्कळदा म्हणते, पण सांगितलं नसतं तर त्यांना माफही केलं नसतं.

तेव्हा दारूबंदी होती, परमिटाशिवाय दारू मिळायची नाही, म्हणजे कायद्यानं मिळायची नाही. सगळ्यांना वाटलं, हा आता कळंब्याच्या जेलात जाणार. साक्षीदार होते, जीप होती, रक्ताचा रिपोर्ट होता, रक्तात दारू होती. मी कोर्टात पहिल्या बाकावर बसायची. पांढरं लुगडं नेसून नव्हे, रोजचंच नेसून. मला कुणाची दया नको होती, शिक्षा पाहिजे होती.

आणि मग जीपवाल्याच्या वकिलानं सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं, सुई टोचण्याआधी तुम्ही दंडाला काय लावलं? कंपाउंडर म्हणाला, स्पिरिट. वकिलानं विचारलं, नेहमी लावता? तो छाती पुढं काढून म्हणाला, नेहमी लावतो, साहेब. आजपर्यंत एकदाही चुकलेलो नाही.

झालं. माशी तिथंच शिंकली. दारूच्या गुन्ह्यात रक्त घेताना कातडीला स्पिरिट लावायचं नाही असा नियम होता, कारण स्पिरिट म्हणजे दारूच की. ते सुईबरोबर रक्तात गेलं नसेल कशावरून? रिपोर्ट बाजूला ठेवला गेला. वासाचं काय, तर म्हणे खोकल्यासाठी आसव घेतलं होतं. झोकांड्यांचं काय, तर अपघाताच्या धक्क्यानं चक्कर आली. पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सुटला, आणि बाकीच्याचा जो काही दंड झाला तो त्यानं तिथंच खिशातनं काढून भरला. बाहेर आल्यावर तो कंपाउंडर माझ्यापुढं आला आणि म्हणाला, बाई, मी चांगलंच करायला गेलो वो. मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी तो माझ्यासमोरून पुरता जाईपर्यंत मी भिंतीकडं तोंड करून उभी होते.

पेठेनं ह्यातनं काय धडा घ्यावा? आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेतली भांडणं तिथल्या कट्ट्यावर मिटायची, सोयरिकी तिथं जुळायच्या, वर्गणी तिथं ठरायची. माझा दीर त्या तालमीतला मोठा पैलवान. भावावर त्याचा फार जीव. त्यानं कट्ट्यावर उभं राहून सांगितलं, इथनं पुढं पेठेत कोण पिऊन गाडी चालवताना घावला तर त्याला पोलिसाकडं न्यायचा नाही. तालमीत आणायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. डोळ्यांत पाणी आणून हलवल्या, मी बघितलंय. कोर्टात काय मिळालं बघितलं न्हवं, असं जो तो म्हणायचा.

मी मात्र घरी बसून एकच गोष्ट घोळवत होते. जीपवाल्याला कोर्टानं सोडला नव्हता. एका कापसाच्या बोळ्यानं सोडला होता. तिथं एका माणसानं जरा डोकं ठिकाणावर ठेवलं असतं, उकळलेल्या पाण्यानं दंड पुसला असता, तर जगातला कुठलाच वकील त्याला सोडवू शकला नसता. हे मी दिराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, वैनी, तुम्ही शिकलेली माणसं लई बारीक बघतासा. मी म्हटलं, बारीक बघितलं नाही म्हणूनच तुझा भाऊ फुकट गेला.

काही वर्षं गेली. मी शाळेत जात होते, घरी येत होते. दीर-जावेचा संसार आणि मी एकाच घरात. दिरानं मला कधी काही कमी पडू दिलं नाही हेही सांगायला पाहिजे. बाजारातनं भाजी आणली की आधी माझ्यापुढं ठेवायचा, निवडून घ्या वैनी म्हणायचा.

सकाळची शाळा होती. तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर वळून मी रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात मागून तीन चाकी टेंपोचा आवाज आला. वळून बघते तर टेंपो माझ्याकडंच येतोय, आणि चालवणाऱ्याचं तोंड माझ्याकडं नाही, मागं आहे. पुढचं चाक माझ्या पायावर चढलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानानं ऐकला. टेंपोतल्या दुधाच्या किटल्या कलंडल्या आणि मी त्या दुधात पडले.

टेंपोवाला उतरून धावत आला. ओळखीचा होता, कळंब्याकडचा म्हशीवाला. पेठेतल्या निम्म्या घरांत त्याचं दूध जायचं. तो माझ्यावर वाकला आणि मला दारूचा असा भपकारा आला की पायाची कळ क्षणभर विसरले. पुन्हा? मला दुसरा शब्दच सुचेना. पुन्हा?

तालीम तिथनं हाकेवर. दीर लंगोटावरच पळत आला, अंगाला आखाड्याची तांबडी माती तशीच, मागनं आणखी चौघे. दिरानं त्याला गळ्याला धरून उचलला.

"वैनी, वास बघा की. ढोसून आलाय ह्यो."

"येतोय वास. मला नाक हाय. त्याच्या गळ्यावरचा हात काढ."

"आता सोडत न्हाय मी ह्येला."

"सोडू नको. पण मारूबी नको. तू त्याला एक जरी ठेवून दिलीस तर उद्या त्याचा वकील म्हणेल, माराच्या धक्क्यानं झोकांड्या जात हुत्या. तुझ्या भावाचा सुटला तसा माझापण सुटेल. हात काढ म्हणते ना."

एक तर त्याच्या कानाखाली बसलीच होती. दुसरी बसायची राहिली. मला त्या माणसाची कणव आली म्हणून मी अडवलं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी ते डोक्यातनं काढून टाकावं. मला तो आत पाहिजे होता. कुठल्याही फटीतनं बाहेर येता येणार नाही असा पक्का आत पाहिजे होता. तो प्यायलेला आहे ह्याची मला पुरी खात्री होती, आणि खात्री होती म्हणूनच मला सगळं रीतसर पाहिजे होतं.

मला दवाखान्यात नेलं ते त्याच टेंपोतनं. किटल्या खाली उतरवल्या, तालमीतला एकजण चालवायला बसला, तिकटीवरच्या हवालदारानं म्हशीवाल्याला माझ्या शेजारीच बसवलं. मी आडवी पडून सबंध रस्ताभर त्याच्या तोंडावर नजर ठेवली. वास मारायला कांदा, कोथिंबीर, बडीशेप, काही तोंडात टाकतोय का ते बघत होते. त्यानं काही टाकलं नाही. प्यालो नाही असंही म्हणाला नाही, चुकलं असंही म्हणाला नाही. ओठ घट्ट मिटून माझ्या पायाकडं बघत होता.

डॉक्टर तरुण होते. ते माझ्या पायाकडं वळले. मी म्हटलं, डॉक्टर, पाय कुठं जात नाही. आधी ह्याचं रक्त घ्या, त्यातली दारू उतरत चाललीय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हसले नाहीत, आणि आधी त्याला घेतला. फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. एका पायात चप्पल, दुसरी कुठं पडलेली, कान लाल झालेला, असा तो चालला. दीर दारातनं म्हणाला, बघा, झुलतोय. डॉक्टरांनी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, अंगालाच एवढा वास आहे की तोंडाला आहे का नाही ते मी सांगू शकत नाही. रक्तच बघायला पाहिजे.

तेवढ्यात आतनं कंपाउंडर ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये सुई, बाटली आणि कापसाचा ओला बोळा. कंपाउंडर तोच होता, माझ्या नवऱ्याच्या केसमधला. डोकं पिकलं होतं, बाकी तोच. मी स्ट्रेचरवर उठून बसले, मोडक्या पायासकट, आणि ओरडले, "स्पिरिट लावू नको. हात तोडीन."

तो जागीच थांबला. मग ट्रे माझ्याजवळ आणला, बोळा उचलून माझ्या नाकाशी धरला.

"पाणी हाय बाई. उकळलेलं. त्या दिवसापासनं दारूच्या केशीला पाणीच."

मी बोळा हुंगला. पाणीच होतं. एवढी वर्षं ज्याच्या नावानं मी बोटं मोडली, त्याच्या हातात मी त्या दिवशी काय दिलं म्हणाल तर माझ्याच हातानं तो बोळा परत दिला. बाटलीला लाखेचं सील लावताना हवालदाराचं बोट भाजलं, तेही मी बघितलं. त्यानंतर मी म्हटलं, आता बघा पाय. मग मला शुद्ध राहिली नाही.

वॉर्डात पायाला प्लास्टर घालून पडले होते तेव्हा एक बाई दाराशी घुटमळायला लागली. हातात फडक्यात बांधलेला डबा. म्हशीवाल्याची बायको होती. कॉटच्या पायथ्याशी उभी राहून तिनं सांगितलं ते असं. पहाटे त्यांची म्हैस व्याली. पोटातली वार पडेना. आमच्या भागात अशा वेळी म्हशीला गावठी दारू पाजायची पद्धत आहे, कुणी ढोराच्या डॉक्टराची वाट बघत नाही. त्यानं कुठनं तरी हातभट्टीची बाटली आणली, एकटाच म्हशीची मान खांद्यावर घेऊन नळकांड्यानं पाजायला लागला. म्हशीनं मानेला हिसडा दिला आणि निम्मी बाटली ह्याच्या अंगावर.

"मग शर्ट बदलायला काय झालं होतं?"

"उशीर झालता बाई. गिऱ्हाईक भांडी घेऊन ताटकळतंय, कुणाच्या पोराला दूध पायजे. तसाच गेला."

"मग हे पोलिसात का नाही सांगितलं त्यानं?"

"हातभट्टीची घरात ठेवली म्हटल्यावर त्येचा येगळा गुन्हा न्हाय का? कुठनं आणली म्हणून इचारतील. देणारा गावातलाच हाय."

मला हसू यावं की संताप, कळेना. मी म्हटलं, निम्मी अंगावर, निम्मी म्हशीच्या पोटात, आणि मालकांच्या पोटात किती? ती म्हणाली, "सगळ्यांनी त्येचा शर्ट हुंगलासा बाई. तोंड कुणी हुंगलं?"

मी तिला म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. तिनं डबा पुढं केला. त्याच म्हशीचा खरवस होता. खरवस म्हणजे माझा जीव की प्राण, आणि दवाखान्यातली ती पातळ खिचडी खाऊन माझ्या जिभेची पार माती झाली होती. फडक्यातनं वेलदोड्याचा वास येत होता. मी म्हटलं, "उचल तो डबा. मी ह्या केसमध्ये साक्षीदार आहे. केस मिटेपर्यंत तुमच्या घरचं काही माझ्या पोटात जायचं नाही." ती डबा घेऊन गेली. शेजारच्या कॉटवरची म्हातारी म्हणाली, मला तरी द्यायचा हुता की. मी तिच्यावरही खेकसले.

मी घरी आल्यावर काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. दीर चौकीवरनं ऐकून आला. रक्तात दारू नव्हती. अंशसुद्धा नव्हता.

मला आनंद झाला नाही. खोटं कशाला सांगू. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हेही कळेना. इतकी वर्षं मला एक दारुडा पाहिजे होता, त्याला माझ्या डोळ्यांदेखत कळंब्याच्या जेलात घालायचा होता, आणि माझ्या हाती लागला एक म्हशीवाला. मी कुबडी भिंतीवर आपटली. जाऊबाई आत निघून गेल्या. मी तशीच बसून राहिले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की आता खरी गोची माझीच झाली आहे.

कारण रिपोर्ट यायच्या आधीच तालमीतल्या चौघांनी जबाब देऊन ठेवले होते की तो झुलत होता, त्याची जीभ जड झाली होती. पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा अजून अंगावर होता. आता मीही कोर्टात तसंच सांगितलं तर त्याचं काही खरं नव्हतं. ज्या बाईचा पाय मोडला, जिचा नवरा दारुड्यानं मारला, तिचं कोण ऐकणार नाही? लायसन जाईल, टेंपो जाईल, आत जाईल. पेठेत त्याचं दूध तर केव्हाच बंद झालं होतं.

तालमीतली थोरली मंडळी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसली. चहा झाला. त्यांच्यातले एक म्हातारे म्हणाले, "रिपोर्टाचं काय घिऊन बसलाय बाई. बाटली बदलली असंल."

"लाख माझ्यासमोर लावली. हवालदाराचं बोट भाजलं."

"बरं, नसंल बदलली. तुमी फक्त एवढंच म्हणायचं, झुलत हुता. पुढचं कोर्ट बघंल."

"तो झुलत नव्हता. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती, आणि तुमच्या पैलवानानं कानाखाली वाजवली होती."

दीर भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं बोट करून म्हणाला, "वैनी, हे दादाच्या फोटोकडं बघून बोला."

"त्याच्याकडं बघूनच बोलतेय. तुझ्या दादाच्या केसनंतर मी कपाळ आपटून म्हणत होते, रक्त नीट घेतलं असतं तर खरं बाहेर आलं असतं. ह्या वेळी नीट घेतलं. खरं बाहेर आलं. ते मला आवडलं नाही म्हणून आता मी ते खोटं म्हणू? ज्या रिपोर्टासाठी गळा काढला त्याच्याच तोंडाला काळं फासू? मला नाही जमायचं. ह्या घरातनं बाहेर काढलंत तरी नाही जमायचं."

"घराचं कोण बोललंय," असं म्हणून तो उठला. मंडळी उठली. त्यानंतर कित्येक महिने दीर माझ्याशी बोलला नाही. भाजी आणायचा, पण पिशवी माझ्यापुढं न ठेवता सरळ आत न्यायचा. खरं सांगते, कोर्टातल्या कुठल्याच वकिलाला मी भ्याले नाही, पण ती पिशवी आत जाताना बघून मला रोज रडू यायचं. तरी मी माझा शब्द बदलला नाही.

तारीख पडली. कुबडी घेऊन मी पिंजऱ्यात उभी राहिले. मागं सगळी तालीम येऊन बसली होती. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीला दारूचा वास येत होता का?

"येत होता."

"म्हणजे आरोपी दारू प्यायलेला होता."

"ते मला कसं ठाऊक असणार? मी शर्टाचा वास घेतला, तोंडाचा नव्हे. तसा वास त्या दिवशी त्याच्या म्हशीलाही येत असेल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. म्हशीवाल्याचे वकील खूश होऊन उठले. त्यांना वाटलं, म्हातारी आपल्याच खिशात आली. मी तेव्हा म्हातारी नव्हते, पण वकिलांना सगळ्या कुबडीवाल्या म्हाताऱ्याच दिसतात. त्यांनी मोठ्या मायेनं विचारलं, म्हणजे बाई, माझ्या अशिलाचा ह्यात काही दोष नव्हता, असंच ना?

"कुणी सांगितलं तुम्हाला? गाडी वळवताना त्याचं तोंड मागं होतं. किटली कलंडत होती, तिच्याकडं बघत होता. त्याला दूध वाचवायचं होतं, त्यात माझा पाय गेला. तो शुद्धीवर होता, म्हणजे तर दोष पुराच त्याचा. त्याची काय असेल ती शिक्षा त्याला द्या, आणि पुरी द्या. न केलेल्याची देऊ नका, केलेल्यातली रतीभर सोडू नका."

मॅजिस्ट्रेटांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा लिहायला लागले.

पिऊन चालवल्याचा गुन्हा सुटला. बेपर्वाईनं गाडी चालवून माणूस जखमी केल्याबद्दल दंड झाला आणि लायसन बऱ्याच दिवसांसाठी गेलं. बाहेर आवारात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तोपर्यंत त्याचा आवाज मी नीट ऐकलाच नव्हता.

"बाई, मला वाचीवलासा म्हणू का बुडीवलासा म्हणू?"

"काहीही म्हण. तू प्यायला नव्हतास, ते मी लपवलं नाही. तू बघत नव्हतास, तेही लपवलं नाही."

तो माझ्या कुबडीकडं बघत राहिला, मग निघून गेला. त्यालाही माझा राग आला होता आणि तालमीलाही. मी एकटीच रिक्षा करून घरी आले. रिक्षात बसल्यावर पाय ठणकत होता, पण मान ताठ होती. त्यानंतर कितीतरी दिवस तो सायकलीला किटल्या अडकवून कळंब्याहून यायचा. एकेका घरानं त्याचं दूध पुन्हा सुरू केलं, पहिल्यांदा सगळ्यांत टोकाच्या घरानं, शेवटी तालमीच्या शेजारच्यानं. आमच्या घरी मात्र दुसऱ्याच गवळ्याचं येत होतं.

वर्ष उलटून गेलं. एका संध्याकाळी मी आणि दीर सोप्यात बसलो होतो, म्हणजे तो एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. उंबऱ्याबाहेर म्हशीवाल्याची बायको येऊन उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेला डबा. आत येईना.

"म्हैस व्याली बाई. घरच्यांनी इचारायला सांगितलंय. केस मिटली न्हवं? आता चालतंय का?"

मी दिराकडं बघितलं, तशी तीही दिराकडं बघायला लागली. दीर उठला. तो एवढा आडदांड माणूस उंबऱ्यापर्यंत गेला आणि त्यानं दोन्ही हातांनी तो डबा घेतला. माझ्यापुढं आणून ठेवला, पूर्वी भाजीची पिशवी ठेवायचा तसा.

"वैनी, ताटली आणतो," म्हणाला.

खरवस घट्ट होता, वेलदोडा जरा कमी होता, ते मी तिला सांगितलंही. ती हसली आणि रिकामा डबा घेऊन गेली. आम्ही दोघं खात होतो. दिरानं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा हातात धरून फोटोकडं बघत बसला.

"वैनी," तो म्हणाला, "त्या टायमाला दादाच्या केशीत जर पाणी लावलं असतं, तर त्यो जीपवाला आत गेला असता?"

"गेला असता," मी म्हटलं.

त्यानं तुकडा ताटलीत परत ठेवला आणि पैलवानी हातांत तोंड घालून तो माझ्यासमोर रडला.